अर्ध्या पेल्याचा पाहुणचार

किर्गिझस्तानात पाहुण्याचा पेला कधीच भरत नाहीत. चहाला तोटा नसतो, पण एका वेळी अर्धाच ओततात. काठोकाठ भरून दिला तर ‘हा घ्या आणि निघा’ असा अर्थ होतो. अर्धा दिला की तो संपतो, मग पुन्हा अर्धा, म्हणजे पाहुणा बसून राहतो. पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मला फार गोड वाटलं होतं.

काराकोल हे इसिक-कुल सरोवराच्या पूर्व टोकाकडचं शहर. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथल्या मुलांना इंग्रजी बोलायला शिकवायचं, अशी माझी स्वयंसेवकगिरी होती. राहणं-खाणं त्यांच्याकडे, विमानाचं तिकीट माझं. बिश्केकहून मार्श्रुत्काने, म्हणजे खच्चून भरलेल्या व्हॅनने, सुमारे ४०० किलोमीटर. मी भारतातली म्हटल्यावर चालकाचा पहिला प्रश्न, “डॉक्टर?” बिश्केकच्या मेडिकल कॉलेजांत आपली इतकी पोरं शिकतात की भारतीय माणूस आणखी कशासाठी येत असेल हे त्याच्या डोक्यातच बसेना. मग तासन्‌तास खिडकीत सरोवर. लांबी १८० किलोमीटरच्या आसपास, उंची १६०० मीटर, भोवती बर्फाचे डोंगर, तरी हिवाळ्यात गोठत नाही. पाणी चाखलं तर किंचित खारट. उत्तर किनाऱ्यावरची ती गाणी लावलेली, गजबजलेली रिसॉर्टं मात्र मला कुणी फुकट दिली तरी नकोत.

जेती-ओगुझचे लाल डोंगर पाहिले, चिनी देवळासारखी दिसणारी, दुंगान लोकांची मशीद पाहिली. सोन-कुल सरोवराकाठी ३००० मीटरवर युर्त नावाच्या नमद्याच्या गोल तंबूत झोपले, म्हणजे थंडीने जागी राहिले. तिथे दिलेला घोडीच्या दुधाचा कुमिस आंबट आणि धुरकट लागतो. दोन घोटांपुढे माझी मजल गेली नाही. पण काराकोलच्या बाजारातलं आशलान-फू! थंडगार, व्हिनेगरचं आंबट, तिखट पाणी, त्यात नूडल्स आणि स्टार्चच्या थरथरत्या पट्ट्या, सोबत बटाटा भरलेली तळलेली पिरोश्की. दुंगान म्हणजे १९व्या शतकात चीनमधून पळून आलेले मुसलमान, हा पदार्थ त्यांचा. सोम हे तिथलं चलन, शंभर सोमच्या आत पोट भरायचं. वर्ग सुटला की माझे पाय आपोआप तिकडे वळायचे.

एका विद्यार्थिनीने आजोळी जेवायला बोलावलं. त्यासाठी मेंढी कापली होती, हे गेल्यावर समजलं. दारासमोरची आतली जागा मानाची. तिथे आजोबा, शेजारी मी. जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानावर बोरसोकांचा, म्हणजे तळलेल्या पिठाच्या तुकड्यांचा ढीग, जॅम, लोणी, सुका मेवा. हे खाऊन माझं पोट भरलं आणि मग जेवण सुरू झालं. बेशबर्माक म्हणजे उकडलेलं मटण बारीक चिरून पातळ शेवयांवर. मसाला म्हणाल तर मीठ आणि कांदा. मी कोल्हापूरची, त्यामुळे पहिले काही घास मी तिखटाची वाट बघण्यात घालवले. मटण मात्र असं की मसाल्याची गरज कशाला, हे चौथ्या घासाला पटतं. हाडंसुद्धा वय आणि मान बघून वाटतात. मेंढीचं डोकं आजोबांपुढे गेलं, त्यांनी कान कापून नातवाला दिला. माझ्यापुढे एवढं मोठं हाड आलं की मी घाबरले. पण उरलेलं घरी न्यायचंच असतं, त्यासाठी प्लास्टिकच्या पिशव्या तयारच होत्या.

या सगळ्यात एक बाई दाराशी बसलेली होती. डोक्याला रुमाल, पुढ्यात किटली. घरची सून. पंधरा माणसं, प्रत्येकाचा अर्धा पेला. तो रिकामा होऊन हातोहात तिच्याकडे जायचा, ती ओतायची, परत पाठवायची. किटली संपली की उठून बाहेर. ती जेवताना मला दिसलीच नाही. आमच्याकडे बायकांची पंगत शेवटी बसायची, पण बसायची तरी. ‘किर्गिझ आतिथ्य’ म्हणून प्रवासी लोक जे भरभरून लिहितात, ते बहुतेक ही बाई एकटी करत असते.

तिला जरा उसंत मिळावी म्हणून मी पेल्यावर हात ठेवला. आजीने ते पाहिलं. चहा निवला असणार, असं म्हणून सुनेला नवीन करायला पाठवलं.

शेवटी सगळ्यांनी ‘ओमिन’, म्हणजे आमीन, म्हणत तोंडावरून हात फिरवले आणि उठले. मी भांडी घासू लागते म्हटलं तर घरात हलकल्लोळ. पाहुण्याने भांडी? अंगणात पिशवी घेऊन उभी होते तेव्हा ती सून बाहेर आली. माझी विद्यार्थिनी, म्हणजे तिची भाची, दुभाषी झाली. त्यांच्यात धाकटा मुलगा आईवडिलांपाशी राहतो, घर त्यालाच मिळतं. हिचा नवरा धाकटा. थोरल्या जावा कधीच वेगळ्या झाल्या, आता त्या येतात ते माझ्यासारख्या, चहा प्यायला. मग किटली तुझ्या हातून सुटणार कधी, मी विचारलं. तिने कोंबडीमागे धावणाऱ्या मुलाकडे बोट केलं. “याची बायको आली की.”

पोरगं चार वर्षांचं. मी म्हटलं, मग त्यालाच शिकव ना चहा ओतायला. हे वाक्य भाचीने काही भाषांतरित केलं नाही.