तुम्ही विचारलंत म्हणून: मॉरिशसचा ज्वालामुखी बघायचा कुठे?

मॉरिशसला निघालेली माणसं हमखास विचारतात: बेट ज्वालामुखीचं म्हणता, मग तो आहे कुठे?

धुमसता हवा असेल तर तिकीट रीयुनियनचं काढा. नैऋत्येला साधारण पावणेदोनशे किलोमीटरवरच्या त्या फ्रेंच बेटावर पितों द ला फुर्नेज अजून लाव्हा ओकतो. मॉरिशसमध्ये गेल्या दहा हजार वर्षांत उद्रेक नाही. पृथ्वीच्या पोटातून वर येणारा तप्त खडकाचा झरा जवळपास तिथेच राहिला, वरचा भूपट्ट, म्हणजे कवचाचा तुकडा, सरकत गेला; आधी मॉरिशस घडलं, नंतर रीयुनियन. याच झऱ्याने सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी आपलं दख्खन लाव्ह्याने लिंपलं, असं बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. तेव्हा तिथला काळा दगड पाहून सह्याद्री आठवला तर नवल नाही.

विवर मात्र आहे, तेही भर वस्तीत. मधल्या पठारावरच्या क्युरपिप शहरातलं त्रू ओ सेर्फ सुमारे 300 मीटर रुंद आहे. आत झाडी, तळाशी पाणी. कडेने रस्ता असल्याने चढाईची दगदग नाही. अडचण ढगांची. आग्नेयेचे वारे या पठारावर चढतात आणि तिथेच रिते होतात. खाली किनाऱ्यावर, राजधानी पोर्ट लुईसला लख्ख ऊन आहे म्हणून छत्री हॉटेलात ठेवलीत, तर वर धुकं आणि पाऊस बघून परत याल. गंगा तलाव हेही विवरात साठलेलं पाणीच.

डोंगर बघताना एक गंमत ध्यानात घ्या: उंच सुळके मधोमध नाहीत, कडेला आहेत. जुन्या, प्रचंड ज्वालामुखीची झिजून उरलेली ही कड. पीटर बोथ 820 मीटर, ल पूस 812. सर्वांत उंच शिखर 828 मीटरचं, नैऋत्येला.

शामारेलची सात रंगांची माती म्हणजे कुजलेला बेसाल्ट, तोच लाव्ह्याचा काळा दगड. पावसाने विरघळणारं सगळं धुऊन नेलं, लोह आणि अ‍ॅल्युमिनियमची ऑक्साइडं उरली. कोकणातला जांभा याच वाटेने होतो. तिरप्या उन्हात रंग खुलतात, भर दुपारी फिके पडतात.

आणि समुद्र. बेटाभोवती प्रवाळाचा बांध आहे, लाटा त्यावर फुटतात, म्हणून आतलं पाणी शांत. नद्यांच्या मुखांसमोर मात्र गोडं पाणी आणि गाळ प्रवाळाला सोसत नाही, तिथे बांधाला खिंडी पडतात आणि ओढ जोरदार असते. दक्षिणेला ग्री ग्रीपाशी तर बांधच नाही. लाटा थेट कड्यावर आदळतात. तिथे वरूनच बघा, पोहायला पश्चिमेला फ्लिक आँ फ्लॅकला जा.