उंडीचं रोप बियांपासून, ऐरोलीच्या बाल्कनीत (माझा अनुभव)

आमच्या ऐरोलीच्या आसपास नर्सरीत उंडी (समुद्रकिनाऱ्यावर वाढणारं मोठं झाड) मागितली की समोरचा "ती काय असते" असंच विचारतो, मला तरी कुठे मिळाली नाही, मग म्हटलं बियांपासूनच करू. बिया मामाच्या गावच्या, रत्नागिरीकडच्या, तिकडे पुळणीच्या मागे जुनी झाडं आहेत. झाडावरची हिरवी गोल फळं तोडायची गरज नाही, वटवाघळं वरचा गर खाऊन आठळ्या (कवचासकट बिया) खाली टाकतात, त्या आयत्या साफ मिळतात, आपण फक्त वेचायच्या. आत खुळखुळ वाजतात त्या सुकलेल्या, त्या घेऊ नका.

घरी आल्यावर नेहमीची पद्धत म्हणजे बादलीत टाका आणि तरंगतील त्या फेका. इथे ते चालत नाही, सगळ्याच तरंगतात! कवचाच्या आत बुचासारखा थर असतो, समुद्रात पडायचं आणि वाहत जाऊन दुसऱ्या किनाऱ्याला लागायचं असा या झाडाचा कारभार, पूर्व आफ्रिकेपासून पॅसिफिकमधल्या बेटांपर्यंत उंडी पोचलीये ती अशीच. आता जे कवच समुद्रात बी वाचवतं तेच पिशवीत आडवं येतं. अख्खी आठळी पेरली तर उगवायला जवळपास दोन महिने, तडकवली तर सव्वा महिना, कवच पूर्ण काढलं तर तीनेक आठवडे, असा साधारण हिशोब आहे.

मी आजीचा अडकित्ता काढला. हळू दाबायचं, कट्ट आवाज आला की थांबायचं, नाहीतर आतला गर चिरडतो. काही पूर्ण सोलल्या, काही नुसत्या तडकवल्या, सोललेल्या खरंच आधी उगवल्या पण पावसाळी हवेत त्यातल्या बऱ्याच कुजल्या पण, त्यामुळे माझं मत विचाराल तर तडकवलेलीच बरी, घाई कशाला. आई मागून ओरडत होती, "तो अडकित्ता आधी साबणाने घास, मग सुपारीला हात लाव." बरोबरच आहे तिचं, उंडी खायची नसते. तिचं तेल कोकणात पूर्वी दिव्यात जाळायचे, लाकडी होड्यांना लावायचे.

मूळ सरळ खोल जातं म्हणून लांब पिशव्या घ्या, रेती जास्त, माती कमी, थोडं शेणखत, बी बोटाच्या पेराएवढी खोल, आणि अर्धी सावली. बी मातीतच राहते, वर येतो तो एकदम जाड कोंब. पानं चकचकीत, समोरासमोर, शिरा इतक्या जवळजवळ आणि समांतर की एकदा बघितलं की दुसऱ्या कुठल्या झाडाशी गल्लत होत नाही.

नंतर सोसायटी. एकाने सुचवलं की खाडीवरच लावून टाकू, तर त्याला सांगितलं, बाबा रे तिथल्या चिखलात रोज भरती येते, ती जागा तिवर, चिप्पी अशा खारफुटीच्या झाडांची. उंडी भरतीच्या रेषेच्या वर, वाळूत, पाण्याचा निचरा होतो तिथली. खारा वारा तिला चालतो, मुळाशी साचलेलं पाणी नाही. सेक्रेटरी काकांचा प्रश्न वेगळाच, "फळं गाड्यांवर पडणार का?" पडणार की, आणि कडक असतात. शिवाय झाड मोठं होतं, घेर पसरतो, म्हणजे वायरींखाली आणि कंपाउंडला चिकटून तर नकोच. शेवटी बागेच्या मागच्या उतारावर जागा मिळाली, पाऊस सुरू झाल्यावर लावली.

वाढ मात्र हळू. गुलमोहर लावणाऱ्यांना हे झेपणार नाही, पण पांढरी सुवासिक फुलं आणि त्यावरच्या मधमाश्या ज्यांनी गावी बघितल्यात ते थांबतील. फळं धरायला अजून बरीच वर्षं आहेत, तोपर्यंत पार्किंगवाल्यांनी निवांत राहावं.