सावरीच्या घरातली

"ही आपल्या सावरीच्याच घरातली कुणीतरी दिसते," आई म्हणाली. मी अजून मोबाइलवर फोटोचा कोन जमवत होते.

लॉस एंजेलिसचा फुटपाथ. समोर मधेच फुगलेलं हिरवट खोड, त्यावर जाडजूड टोकदार काटे आणि वर मोठाली गुलाबी फुलं. आईने एक काटा अंगठ्याने चाचपला. खाली पडलेलं पान उचलून देठ फिरवून पाहिला. फुलाच्या पाकळ्या मोजल्या, पाच. "फळ फुटलं की कापूस निघणार बघ हिचा."

मग ॲपने नाव दिलं: सेइबा स्पेसिओसा, मूळची दक्षिण अमेरिकेतली. आणि हो, काटेसावरीच्याच कुळातली. गोरखचिंचही त्यातलीच. कापूसही खरंच निघतो!

आपली सावर शिमग्याच्या सुमारास लाल फुलते, ही इथे शरदात गुलाबी. फुगलेल्या खोडात पाणी साठतं, आणि साल हिरवी असल्याने पानं झडली तरी थोडंफार अन्न तिथे तयार होतं. हे मात्र आईला नवीन होतं. "हुशार आहे गं!" असं झाडालाच म्हणाली.

ॲप वाईट नाही, मी रोज वापरते. पण लग्नात अनोळखी पाहुणीचं नाक-डोळे बघून "तू अमक्यांची ना?" म्हणतात, तसं झाड ओळखणं मला कुणी शिकवलंच नाही. आईलाही शिकवलं नव्हतं म्हणे; गुरांमागे फिरता फिरता आलं.

पुण्या-मुंबईच्या बागांत कुणी पाहिलंय का हे झाड? तिथे कधी फुलतं?