कुऱ्हाडे वस्ती वर्तुळाबाहेर

याद्या तीन होत्या. रेशनकार्डांची, रोजगार हमीच्या जॉबकार्डांची आणि मंजूर घरकुलांची. वऱ्हाडातल्या काही गावांत काम करणाऱ्या एका संस्थेला एवढंच हवं होतं, की पहिली दोन कार्डं आहेत पण घरकुल नाही अशी कुटुंबं किती. दुसऱ्या दिवशी तालुक्याला बैठक होती आणि तो आकडा तिथे मांडायचा होता.

तिन्ही याद्यांत सामाईक असा कुठलाच नंबर नव्हता. म्हणून गाव आणि कुटुंबप्रमुखाचं नाव जोडून जुळवणी केली. जास्तीच्या मोकळ्या जागा काढल्या, ‘राव’ आणि ‘भाऊ’चे घोळ निस्तरले. मग ‘आर’ या संगणकी भाषेत इंटरसेक्ट (दोन्ही याद्यांतली सामाईक नावं) आणि सेटडिफ (एकीत आहेत पण दुसरीत नाहीत ती नावं) या दोन आज्ञा दिल्या की आकडा समोर येतो. तो आला, आणि मला त्यात काहीच खटकलं नाही.

चित्र काढलं ते बैठकीसाठी. तीन वर्तुळं एकमेकांत गुंतली की आत सात तुकडे होतात, आठवा बाहेरचा. हे कुणालाही बोट ठेवून दाखवता येतं. इंग्रज तर्कशास्त्रज्ञ जॉन व्हेनने १८८० मध्ये ही रीत मांडली तेव्हा तुकडा रिकामा असला तरी तो काढायचाच, असा तिचा नियम होता. ‘आर’मधलं व्हेनडायग्राम हे पॅकेज, म्हणजे तयार आज्ञांचा संच, तसंच नेटकं चित्र देतं, पण तीन याद्यांसाठी वर्तुळं सहसा सारख्याच आकाराची येतात. दहा घरं असोत की हजार, तुकडा तेवढाच दिसतो. मला आकारातून संख्या दिसायला हवी होती, म्हणून यूलर पॅकेज घेतलं. ते क्षेत्रफळ संख्येच्या प्रमाणात ठेवायचा प्रयत्न करतं, वर्तुळांनी जमेना तर लंबवर्तुळं वापरू देतं, आणि किती चूक उरली तेही सांगतं. (नेहमीच्या पीडीएफ आज्ञेने ‘घरकुल’च्या जागी नुसते ठिपके उमटले. देवनागरीसाठी कैरो पीडीएफची आज्ञा वापरावी लागते.)

संध्याकाळी चित्र छापून टेबलावर ठेवलं. संस्थेच्या सर्वेक्षणाचं काम पाहणाऱ्या ताई तिथेच होत्या. घरकुलाच्या वर्तुळाबाहेर राहिलेल्या तुकड्यावर त्यांनी बोट ठेवलं. “सर, एवढे लोक बाहेर? कोन हायेत हे?”

मी नावं उघडली. त्यांनी चार-पाच वाचली आणि थांबल्या. “कुऱ्हाडेची वस्ती? हे कसं होईन? तिथली घरकुलं झाली हायेत. म्या सोता फोटो काढले.”

दोन्ही याद्या शेजारी शेजारी ठेवल्या. इकडे कुऱ्हाडे, तिकडे कुऱ्हाडे. काना-मात्रेचाही फरक नाही. तरी संगणक म्हणे, ही दोन नावं वेगळी. मग अक्षरं मोजली. अक्षरं मोजणाऱ्या एनकॅर या आज्ञेने एका कुऱ्हाडेला काना-मात्रा धरून आठ सांगितली, दुसऱ्याला नऊ. तेव्हा मात्र छातीत धस्स झालं. प्रत्येक अक्षराचा क्रमांक काढला, तर एका यादीत २३५३ आणि २३८१ होते, म्हणजे ऱ आणि हलन्त. दुसरीत २३५२, २३८१ आणि ८२०५. म्हणजे साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडक, ज्याला स्वतःची रुंदीच नाही. युनिकोडात, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, अर्धा ऱ दोन्ही प्रकारे लिहिता येतो आणि दोन्ही पडद्यावर सारखेच दिसतात. घरकुलांची यादी जुन्या फॉन्टातून बदलून आणलेली होती, तिच्यात सगळीकडे हा जोडक होता.

बाहेरच्या तुकड्यातली नावं पुन्हा वाचली. कुऱ्हाडे, वऱ्हाडे, बऱ्हाटे, गोऱ्हे. एका अक्षरामुळे बाहेर पडलेली माणसं.

आधी स्ट्रिंगी पॅकेजचं प्रमाणीकरण, म्हणजे वेगवेगळ्या प्रकारे लिहिलेलं अक्षर एकाच रूपात आणणारी आज्ञा, लावून पाहिलं. काही बदललं नाही, कारण ते या जोडकाला हातच लावत नाही. मग वाटलं, जोडक सरळ पुसून टाकावा. पण तो पुसला की र उडी मारून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर रफार होऊन बसतो. दऱ्या म्हणजे डोंगरातल्या आणि दर्या म्हणजे समुद्र, हा फरक शाळेत शिकलो तो इथे उपयोगी पडला. म्हणून जोडक न पुसता र, हलन्त आणि जोडक या तिघांच्या जागी ऱ आणि हलन्त घातले. एक ओळ. ही ओळ मी तेव्हापासून प्रत्येक मराठी यादीला सर्वांत आधी लावतो, आणि मराठी नावांवर काम करणाऱ्या प्रत्येकाने लावावी असं मला मनापासून वाटतं.

चित्र पुन्हा काढलं. तो जाड तुकडा चंद्राच्या कोरीएवढा झाला. आकडा सकाळीच कळला होता, पण आकड्याला कुणी “कोन हायेत हे” असं विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही. वर्तुळाबाहेर एवढी मोठी जागा दिसली तेव्हाच ताईंना ती माणसांची वाटली.

कोरीत उरलेली नावं ताईंनी वहीत उतरवून घेतली. त्यातल्या तीन घरांना खरंच घरकुल मिळालेलं नव्हतं, हे त्यांना तोंडपाठ होतं. बाकीच्यांकडे बैठकीआधी सकाळी जाऊन येते म्हणाल्या. वही पिशवीत टाकून त्या शेवटच्या एसटीसाठी निघाल्या.