चेर्नोबिल व्हायरसने पुसलेली डिस्क परत मिळवताना

१९९९ साली मी सांगलीत कॉम्प्युटर दुरुस्तीची कामं करायचो. २६ एप्रिलला, सोमवारी, सकाळपासूनच मार्केट यार्डातून बोलावणी यायला लागली. हळदीचा हंगाम ऐन भरात, मार्चअखेरचे हिशेब नुकतेच मिटलेले आणि मशीन सुरूच होईनात.

हा सीआयएच व्हायरस, तैवानच्या चेन इंग-हाऊ या विद्यार्थ्याने १९९८ मध्ये लिहिलेला. चेर्नोबिलच्या अपघाताची तारीखही २६ एप्रिलच, म्हणून लोक त्याला चेर्नोबिल म्हणू लागले. विंडोज ९५ आणि ९८ च्या प्रोग्रॅम फाइलमध्ये मोकळ्या जागा असतात. हा स्वतःचे तुकडे करून तिथे बसायचा, त्यामुळे फाइलचा आकार वाढत नसे आणि कुणाला संशयही येत नसे. ठरल्या तारखेला डिस्कचा पहिला १ एमबी पुसायचा आणि जमलं तर बायोस चिपमध्येही, म्हणजे मशीन सुरू करणारा प्रोग्रॅम असतो त्या चिपमध्येही, कचरा लिहायचा.

एका अडत्याच्या मशीनची दोन्ही दुखणी होती. पंखा फिरतोय, पण पडदा काळा, बीपही नाही. शेतकऱ्यांच्या पट्ट्या, रोजकीर्द, खतावणी, सगळं त्यातच. "डिस्क गेली, नवीन घ्या," असं त्यांना कुणीतरी सांगून टाकलं होतं. मला ते पटत नव्हतं. तलाठ्याकडचा नकाशा फाटला म्हणून शेतं जागची हलत नाहीत.

डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली. ते मशीन राइट-प्रोटेक्ट केलेल्या, म्हणजे काही लिहिलं जाणार नाही अशा, स्वच्छ फ्लॉपीवरून सुरू केलं, कारण विंडोज चालू झालं असतं तर व्हायरसही जागा झाला असता. डिस्कचे भाग दाखवणाऱ्या एफडिस्क प्रोग्रॅमला एकही भाग (पार्टिशन) दिसेना. पण डिस्क ४.३ जीबीची, फॅट३२ पद्धतीची होती. फॅट म्हणजे कोणत्या फाइलचे तुकडे डिस्कवर कुठे आहेत याची यादी. अशा डिस्कवर या यादीच्या दोन प्रती असतात, प्रत्येकी साधारण ४ एमबीच्या. म्हणजे पहिल्या प्रतीचा चौथा हिस्साच गेलेला, दुसरी प्रत शाबूत असणार. डिस्क एडिटरमध्ये एकेक सेक्टर (डिस्कवरचा छोटा कप्पा) पुढे सरकत गेलो आणि अखेर एका सेक्टरच्या सुरुवातीला एफ८ एफएफ एफएफ ०एफ हे चार आकडे दिसले. हीच दुसरी प्रत. तेवढ्याच क्षमतेच्या, तशाच फॉरमॅट केलेल्या डिस्कवरून डिस्कची रचना सांगणारे पार्टिशन टेबल आणि बूट सेक्टर घेतले, दुसरी फॅट पहिलीच्या जागी उतरवली. डीआयआर ही यादी दाखवणारी आज्ञा मारल्यावर फोल्डरची नावं ओळीने खाली आली. हिशेबाच्या फाइली आधी बाजूला काढल्या, मग अँटीव्हायरस चालवला.

बायोसची चिप सॉकेटमध्ये होती, हे नशीब. त्याच मॉडेलचा चांगला बोर्ड डॉसमध्ये सुरू करायचा, चालू असतानाच त्याची चिप उपसून मेलेली बसवायची आणि तिच्यात बायोस लिहायचा. हात जरा वाकडा गेला तर दोन्ही बोर्ड जातात. पण चिप जिवंत झाली.

यार्डातल्याच दुसऱ्या दुकानाची जुनी, लहान डिस्क मात्र फॅट१६ होती. तिथे फॅटची एक प्रत जास्तीत जास्त १२८ केबीची, त्यामुळे दोन्ही प्रती आणि मूळ डिरेक्टरी (सगळ्यात वरच्या फोल्डरची यादी) त्या पहिल्या १ एमबीतच पुसल्या गेल्या. तिथे सेक्टरमधून शेतकऱ्यांची नावं शोधून हाती लागेल तेवढी येणी-देणी कागदावर उतरवून दिली. बाकीचं त्यांनी पावतीपुस्तकांवरून नव्याने लिहायला घेतलं.