नंबर वाचला, पैसेही वाचले

सायकलच्या शेपटीला कॅमेरा बसवला तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं, की आता कुणी कट मारला तर सुटायचा नाही. घ्या! मंगळवारी पहाटे, अजून नीट उजाडलंही नव्हतं, तरसोद फाट्याच्या अलीकडे केळीच्या एका पिकअपचा आरसा माझ्या कोपराला चाटून गेला. मी पांढऱ्या पट्टीच्या बाहेर थेट मुरमात. पडलो नाही हे नशीब. कडेला थांबलो, दोन घोट पाणी प्यायलो, आणि खरं सांगतो, हात थरथरत असताना मनात पहिला विचार काय आला तर, सापडला लेकाचा!

तर नाही सापडला.

मुरमात उतरताना पॉवर बँकेची केबल निसटली आणि हँडलवरचा पुढचा कॅमेरा बंद पडला. (मे महिन्यात त्याची बॅटरी फुगल्यापासून मी ती काढूनच टाकली आहे. आपल्याकडच्या उन्हात दुसरं काय होणार.) घरी आल्यावर शेवटची फाईल उघडेचना. एमपी४ची अनुक्रमणिका रेकॉर्डिंग बंद होताना लिहिली जाते, वीज मध्येच गेली की सगळा व्हिडिओ कार्डात असूनही प्लेअरला तो दिसत नाही. अशा वेळी कार्ड फॉरमॅट करू नका, त्यावर पुढचं रेकॉर्डिंगही करू नका. अनट्रंक नावाचं फुकट साधन आहे. त्याला त्याच कॅमेऱ्याची, त्याच सेटिंगची एक धडधाकट फाईल नमुना म्हणून द्यायची, ते मोडकी फाईल जोडून देतं. दोन रात्री गेल्या, पण क्लिप मिळाली. एवढा आनंद झाला की बायकोला झोपेतून उठवून दाखवली. ती म्हणाली, "छान आहे. आता लाईट बंद करा."

क्लिपमध्ये सगळं आहे. ताडपत्री, लोंबणारी केळीची पानं, मागच्या फाळक्यावरचं "आईवडिलांची कृपा". नंबर प्लेटच्या जागी मात्र पांढरा फराटा. एमएच १९ असावं, तेही जळगावात आणखी काय असणार म्हणून. क्लिप आमच्या जिभाऊंना पाठवली, तर त्यांचं एका ओळीचं उत्तर, "नंबर कोठे शे रे भो?"

पुढचे दहा दिवस या एका प्रश्नाने खाल्ले.

मागच्या कॅमेऱ्याकडून नंबराची आशा मी आधीच सोडली आहे. अंधारात त्याला येणाऱ्या गाडीचा हेडलाईट दिसतो आणि बाकी काळोख. दुचाक्यांचे दिवे तर २०१७ पासून दिवसाही चालूच असतात. गाडी किती अंतरावरून, कशी अंगावर आली हे तो दाखवतो, तेवढंच त्याचं काम. नंबर घ्यायचा तो पुढच्यानेच, गाडी आपल्याला ओलांडून गेल्यावर.

आधी संशय हादऱ्यांवर गेला. क्लॅम्पखाली जुन्या ट्यूबचे तुकडे कोंबले, हँडलबारला चिंध्या गुंडाळल्या, काडीचा फरक नाही. मग वाटलं १०८०पी कमी पडतंय, ४के घ्यावा. कार्टमध्ये टाकलाही होता. पैसे भरायच्या आधी, कसली सुबुद्धी झाली कोण जाणे, कागद-पेन्सिल घेतली.

चारचाकीच्या प्लेटवरचं अक्षर नियमाप्रमाणे ६५ मिमी उंच आणि रेघ १० मिमी जाड. पिकअप ६० ने आणि मी २० ने, म्हणजे फरक ताशी ४० किमी, सेकंदाला ११ मीटर. ती माझ्यापुढे ६ मीटरवर आणि सव्वा मीटर उजवीकडे असताना कॅमेऱ्याच्या नजरेत प्लेट आडवी सरकत असते. पहाटे ऑटोवर शटर १/६० सेकंदावर येतं. तेवढ्या वेळात प्लेट साधारण ३८ मिमी सरकते, म्हणजे जवळपास चार रेघा एकमेकींवर! ३, ८ आणि ० यांचा लाडू होणारच. आणि ४केमध्ये? पिक्सेल वाढले तर फराटाही तेवढ्याच जास्त पिक्सेलांचा. महागडा फराटा. कार्ट रिकामी केली.

१/५०० ला हेच सरकणं ४-५ मिमीवर येतं. शिवाय १४० अंशांचा वाइड सोडून ९० वर आलो, तर ६ मीटरवरचं अक्षर आठ पिक्सेलांवरून तेरावर जातं. गाडी अगदी बाजूला असताना सरकणं जास्त, लांब गेली की अक्षर बारीक. मधला ४ ते ८ मीटरचा टप्पाच काय तो कामाचा, आणि तो गाडी अर्ध्या सेकंदाच्या आत पार करते. म्हणून सेकंदाला ३० ऐवजी ६० फ्रेम. जेमतेम वीसेक फ्रेम हाती लागतात, त्यातली एक जमली तरी पुरे.

रविवारी भाच्याला त्याची कार घेऊन शिरसोलीकडच्या एका रिकाम्या ले-आउटमध्ये बोलावलं. मेहनताना, भरीत आणि कळण्याच्या पुऱ्या. तो ६० ने ओलांडणार, मी २० ने चालवणार. उजेडात १/५०० झकास, स्टॅबिलायझेशन बंद करूनही. पहाटेच्या अंधारात मात्र चित्र काळं ठिक्कर, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद) वाढवला की मुंग्याच मुंग्या. भाचा म्हणाला, "मामा, नंबर मी सांगतो ना, लिहून घ्या."

आणि मग नशीब धावून आलं, तेही तुटक्या पट्ट्याच्या रूपाने. माझा दिवा हेल्मेटवर असतो. त्याचा पट्टा तुटला म्हणून तात्पुरता हँडलबारवर, कॅमेऱ्याला अगदी खेटून रबराने बांधला. पुढच्याच फेरीला प्लेट ट्यूबलाईटसारखी पेटली! कार काळी, रस्ता काळा, आकाश काळं, आणि मध्ये फक्त नंबर, सगळे आकडे सुटे सुटे. मी रस्त्यातच ओरडलो. ले-आउटच्या वॉचमनने बाहेर येऊन पाहिलं.

कारण साधं आहे, आधी सुचायला हवं होतं. नव्या एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) प्लेटचा पृष्ठभाग प्रकाश जिथून आला तिकडेच परत फेकतो, तोही अगदी अरुंद झोतात. दिवा हेल्मेटवर म्हणजे भिंगापासून ६० सेंमी वर. ८ मीटरवरच्या प्लेटच्या दृष्टीने हा कोन चार अंशांहून जास्त, परत आलेला उजेड कॅमेऱ्याच्या डोक्यावरून माझ्या डोळ्यांकडे. म्हणूनच मला नंबर दिसायचा आणि कॅमेऱ्याला नाही. दिवा भिंगापासून ८ सेंमीवर आणला की कोन जेमतेम अर्धा अंश. खर्च शून्य.

त्यानंतर तीन पहाटे हायवेवर १२ गाड्यांचे नंबर तपासले, १० वाचता आले. उरलेल्या दोघांपैकी एकाच्या प्लेटवर चिखल, दुसऱ्याने ४१४१ चं दादा करून ठेवलेलं. दादांना भौतिकशास्त्र लागू होत नाही.

चिखलवाल्याची फ्रेम बघता बघताच नवीन डोकं चाललं. मालवाहू गाड्यांचा नंबर अंगावर डाव्या-उजव्या बाजूलाही लिहिलेला असतो, तोही ठळक. मला ओलांडताना त्यांची डावी बाजू माझ्याकडे असते! म्हणजे ऊस, केळी, कापूस वाहणाऱ्यांसाठी प्लेटच्या मागे धावायची गरजच नाही. आता मागचा कॅमेरा काढून हँडलला उजवीकडे ३०-४० अंश तिरका लावायचा विचार आहे. पण मग मागून कसा आला याचा पुरावा जाणार. थांबा, आधीचा स्वस्तातला कॅमेरा पडून आहे की! त्याचं चित्र बरं नाही, पण केबिनवरचे वीतभर आकडे त्यालाही झेपावेत. हे लिहीपर्यंत सुचलं नव्हतं.

कार्डाबद्दल एकच. ऑनलाईन अर्ध्या किमतीत मिळालेलं १२८ जीबीचं कार्ड तपासलं तर आत फक्त ३२ निघालं, पुढचं सगळं हवेत. एफ३ नावाच्या फुकट साधनाने खरी जागा तपासल्याशिवाय कुठलंही नवं कार्ड कॅमेऱ्यात घालू नका. नवं मी गोलाणी मार्केटमधून डोळ्यासमोर तपासून घेतलं, दुकानदार चहा पाजून वाट बघत बसला.

आणि हो, घरी आल्या आल्या मूळ फाईलचा शा-२५६ हॅश (फाईलचा जणू अंगठ्याचा ठसा, फाईल जराही बदलली की तो बदलतो) काढून वहीत लिहायची सवय लावली आहे. १ जुलै २०२४ पासूनच्या भारतीय साक्ष अधिनियमात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबतच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रावर हॅश द्यावा लागतो. कापलेली, व्हॉट्सॲपवरून फिरलेली क्लिप वेगळी फाईल होते, तिचा हॅश जुळत नाही. त्यामुळे पाठवायची ती कॉपी, मूळ कार्डातच.

त्या पिकअपवाल्याचं काय, तर काही नाही. तो सुटला.

तिरक्या कॅमेऱ्याची चाचणी रविवारी. भाच्याचा फोन येऊन गेला, "मामा, वांगी आणून ठेवू का?"