वहीतले सहा मार्क

शनिवार, रात्री

आज घोड्यावर बसलेच नाही, तरी मनगट भरून आलंय. मी घोडेस्वारी शिकते त्या क्लबमध्ये ड्रेसेजची, म्हणजे घोड्याकडून ठरलेल्या हालचाली नीट करून घेण्याची, छोटी स्पर्धा होती. पंचांशेजारी बसून लिहायला कुणीतरी हवं होतं, मला शिकवणाऱ्या रिसालदार साहेबांनी परस्पर माझं नाव देऊन टाकलं. पंचांनी घोड्यावरची नजर हलवायची नसते. त्या बोलतात, आपण लिहायचं. प्रत्येक हालचालीला शून्य ते दहा मार्क, अर्धे चालतात, आणि शेजारी दोन-चार शब्दांचा शेरा. चार म्हणजे अपुरं, पाच कसंबसं, सहा समाधानकारक, सात बऱ्यापैकी, आठ चांगलं. दहा मी दिवसभरात एकदाही लिहिले नाहीत. नऊही नाहीत.

दुपारी एक काका आले. साधारण माझ्याच वयाचे, आणि अगदी माझ्यासारख्याच टाचा वर चढलेल्या (त्या खाली हव्यात). पहिल्या कोपऱ्यातच मी मनातल्या मनात त्यांना नापास करून मोकळी झाले. पंचबाई शांतपणे म्हणाल्या, "साडेसहा. लय टिकली, वर्तुळ गोल." मी लिहिलं. टाचांचं नावही नाही! पुढच्या वळणाला पाच: "आत पडला," म्हणजे घोडा वळणात आत कलला. थांबण्याला सात: "चौकोनी, स्थिर." घोडा चारही पाय नीट खाली घेऊन उभा राहिला होता आणि त्याला तसं उभं करणारे काकाच होते, हे मला कागदावर उतरवेपर्यंत दिसलंच नव्हतं. सवाराच्या बैठकीचे मार्क अगदी शेवटी, एका ओळीत. तिथे त्यांना साडेपाच मिळाले आणि टाचांचा विषय संपला.

घरी येऊन माझी वही उघडली. प्रत्येक तासानंतर मी लिहिते, ते असं: टाचा वर. नजर खाली. खांदे पुढे. डावा हात जड. पुन्हा टाचा वर. पानंच्या पानं. त्या दिवशी घोडा कसा चालला, त्यातलं माझ्यामुळे काय झालं, याची एक ओळ नाही. कुणी परकं माणूस ही वही वाचेल तर त्याला वाटेल, ही बाई दर आठवड्याला घोड्यावरून पडत असणार.

म्हणजे मी स्वतःला जंपिंगचे, अडथळ्यांवरून उड्या मारण्याच्या स्पर्धेचे, नियम लावत आलेय. जंपिंगमध्ये हिशोब फक्त चुकांचा. दांडा पडला की चार दंडगुण, घोडा अडला की चार, आणि सगळ्यात भारी निकाल म्हणजे शून्य. तिथे ते बरोबरच आहे, दांडा एक तर पडतो नाहीतर नाही पडत. पण मी उड्या मारतेय कुठे? मी वीस बाय चाळीस मीटरच्या मैदानात गोल गोल ट्रॉट (दुडकी चाल) करतेय.

झोप येईना म्हणून हांगझोऊचे आकडे पुन्हा काढून बसले. २६ सप्टेंबर २०२३, एशियाड, ड्रेसेजमध्ये आपल्या संघाला सुवर्ण. अनुष अगरवाला, मुंबईचा हृदय छेडा, दिव्यकृती सिंग आणि सुदीप्ती हाजेला. घोडेस्वारीतलं सुवर्ण त्याआधी १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये आलं होतं. चौघांपैकी वरच्या तिघांची बेरीज धरतात, ती होती २०९.२०५ टक्के. भागून बघा, सरासरी सत्तरच्याही आत! मग अनुषला वैयक्तिक कांस्य मिळालं ते ७३.०३० टक्क्यांवर. आमच्याकडे दहावीला त्र्याहत्तर टक्के पडले तर पेढे वाटायचे की नाहीत यावर घरात बैठक बसते. आशियातलं कांस्य ज्या कागदावर आलं, त्यावरसुद्धा पंचांनी जागोजागी 'हे अजून सुधारा' असंच म्हटलेलं असणार. आणि मला माझ्या वहीत सहाही द्यायला जड जातं.

रविवार

आज ठरवून गेले होते की मार्क द्यायचे. सगळे, बरेवाईट दोन्ही.

चिंगी ही रेसमधून निवृत्त झालेली घोडी. रेसच्या घोड्याचा लगाम ताणला की त्याला 'थांब' असं ऐकू येत नाही. तो त्या ओढीवर आपला भार टाकतो आणि आणखी पळतो, कारण त्याला तेच शिकवलेलं असतं. त्यामुळे नवीन माणूस घाबरून ओढतो, चिंगी वेग वाढवते, माणूस आणखी ओढतो. एका कॉलेजकुमाराला तिने मागे असंच मैदानभर फिरवून आणलं होतं. दंड चांगले कमावलेले होते त्याचे, काही उपयोग झाला नाही.

आज मैदानाच्या कडेला लावलेल्या अक्षरांपैकी 'के' वरून 'ए' कडे, कोपऱ्यातून येताना ती निघाली. रस्त्यावर टेम्पोवाल्याने हॉर्न दिला हे निमित्त. तिचे कान मागेपुढे झाले, मान वर आली, बोटांत एकदम वजन आलं. मी पोट आत घेतलं, ट्रॉटवर उठबस मुद्दाम संथ केली, बाहेरच्या हाताची मूठ ओला फडका पिळावा तशी आवळली आणि लगेच सोडली. पुन्हा आवळली, सोडली. तीन-चार पावलांत बोटांतलं वजन गेलं. मान खाली आली, तिने फुर्र करून नाक मोकळं केलं आणि तोंडातली कडी चघळायला लागली. डावा कान माझ्याकडे वळला. (मान खाली येणं नेहमीच माझं कर्तृत्व नसतं. कुंपणाशी गवत उगवलंय, तिकडेही ती याच भक्तिभावाने मान घालते.)

हे सगळं होताना मी खाली बघितलं नव्हतं. तिचा बाहेरचा खांदा पुढे जाताना आपण उठायचं असतं. पूर्वी त्यासाठी मला दर फेरीला खांदा शोधावा लागायचा. आता बुडाला आपोआप कळतं. कधीपासून कळायला लागलं ते वहीत शोधलं, पण सापडलं नाही. त्या पानांवर टाचाच आहेत.

रिसालदार साहेब मधोमध उभे होते. ते तोंडावर कौतुक करत नाहीत, पलटणीतली सवय. "मॅडम, कोपऱ्याला किती?" मी म्हटलं, साडेसहा. "का?" ही त्यांची खरी प्रश्नपत्रिका. "छान वाटलं" चालत नाही, घोड्याने काय केलं आणि त्याआधी तुम्ही काय केलंत ते सांगायचं. मी हात सोडल्याचं सांगितलं. ते म्हणाले, "सात. सोडणं वेळेवर होतं." आणि लगेच, "टाचा चार."

खाली उतरून खोगीर काढलं तर घोड्यांची निगा राखणारे सईसभाऊ घोडीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "दोन्हीकडे सारखी ओल आहे बघा. तुम्ही एका अंगावर बसत नाही, मॅडम." माझ्या तोंडाशी 'छे हो, कुठलं काय' आलंच होतं. आपल्याकडे कुणी चांगलं म्हटलं की ते ताबडतोब परत करायचं असतं, वाटीतून आलेली भाजी रिकाम्या वाटीने परत करत नाहीत तसं काहीतरी. पण भाऊ दिवसाला इतक्या पाठी पुसतात, त्यांना मला खूश करून काय मिळणार? त्यांनी घामाबद्दल सांगितलं होतं. मी "हो का?" म्हणून दुसऱ्या बाजूला गेले आणि स्वतः हात लावून बघितला. होती सारखी.

बुधवार

आज घाई आहे, बँकेत ऑडिट.

वहीत रकाने आखले: हालचाल, मार्क, शेरा. चुकांना बंदी नाही, त्यांचा फक्त वेगळा रकाना राहिलेला नाही. आजचे:

वॉक, लांब लगाम: ७. चिंगी पाठ सैल सोडून चालली, मी मध्ये पडले नाही.
उजवीकडचं वर्तुळ: ६. अर्धं गोल, अर्धं बटाटा.
डावीकडचं वर्तुळ: ५. डावा हात जड, पण तिसऱ्या फेरीत माझं मलाच कळलं.
'एक्स'वर (मैदानाच्या मध्यावर) थांबणं: साडेसहा.
डाव्या हाताचा कँटर (डावीकडे वळत धिमी दौड): ३. चुकीच्या पायावर (डाव्याऐवजी उजवा पुढे), दोन्हीदा. शेरा लिहायला जागा पुरली नाही.

रिसालदार साहेबांनी वही वाचली आणि लांब लगामाचे सात खोडून साडेसात केले. तीनला हात लावला नाही. शनिवारी सकाळी सहाला बोलावलंय, फक्त डाव्या कँटरसाठी.